भरलेला कप

कोरियन मालिकांत कॉफीचे कप जागोजागी दिसतात. नायक ऑफिसात शिरतो तो हातात कागदी कप घेऊनच, आणि प्रेमात पडायचं तेही एखाद्या साखळी-दुकानाच्या ठळक पाटीखाली. याला कारण आहे. 2010 पासून तिथल्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या आतच एखादी वस्तू दाखवून जाहिरात करायची परवानगी मिळाली आणि कॉफी विकणाऱ्या कंपन्यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला. पण त्या कपांकडे जरा नीट पाहावं. हात ज्या बेफिकिरीने ते झुलवतो, तसा 300 मिली गरम पेय भरलेला कप कुणाला झुलवता येणार नाही. बऱ्याचदा तो रिकामा असतो.

'वुड यू लाइक अ कप ऑफ कॉफी?' ही मालिका मला प्रिय आहे ती मुख्यतः यासाठी, की तिच्यातला कप भरलेला असतो. तो कोणी भरला, भरताना कुठे चुकलं आणि पिणाऱ्याला त्या दिवशी नेमकं काय हवं होतं, एवढ्यावर तिचे भाग उभे आहेत.

2021च्या ऑक्टोबरात काकाओ टीव्ही या कोरियन इंटरनेट वाहिनीवर ती सुरू झाली. भाग फक्त 12, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाच्या आतला. दिग्दर्शक नो जोंग-उक. कांग गो-बी हा नवशिका तरुण झालाय ओंग सोंग-वू, आणि 'इदे कॉफी' या छोट्या दुकानाचा मालक, कॉफीतला मुरलेला माणूस पाक सोक, ही भूमिका पाक हो-सानची. गोष्ट मुळात हो यंग-मान यांच्या चित्रकथेतली, 2015 साली वृत्तपत्रातून क्रमशः येऊ लागलेली. हो यंग-मान म्हणजे कोरियन चित्रकथेतलं फार मोठं नाव. जेवणाखाण्यावर आणि पत्त्यांच्या जुगारावर त्यांनी काढलेल्या मालिका तिथे घराघरांत पोचल्या. एखाद्या धंद्याच्या पार मुळाशी जायचं, हत्यारं, मापं, चुका सगळं गोळा करायचं आणि मग त्यातून माणसं उभी करायची, ही त्यांची पद्धत. कॉफीच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं आणि पडद्यावर येताना ते बऱ्यापैकी टिकलं.

हळुवार मालिकेत काही घडत नाही असं लोक म्हणतात, ते या मालिकेलाही लावतात. खलनायक नाही, खून नाही, करोडपती घराण्याचा वारस नाही. एक गिऱ्हाईक येतं, त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं, कॉफी होते, ते जातं. पण कॉफी करणाऱ्याच्या हातांकडे लक्ष ठेवून पाहिलं तर या मालिकेत सतत काही ना काही घडत असतं. ते ग्रॅममध्ये आणि सेकंदांत घडतं, म्हणून नजरेतून सुटतं. हे दिसायला लागलं की गो-बीची घालमेल आणि पाक सोकचं गप्प राहणं, दोन्ही समजू लागतं. म्हणून इथे त्या हातांविषयीच लिहायचं आहे.

सुरुवात हँड ड्रिपपासून. कोरियात ही पद्धत जपानमधून आली आणि नावही तेच राहिलं. ड्रिपर म्हणजे नरसाळं, त्यात कागदी गाळणी, खाली काचेचं भांडं, आणि हातात लांब बाकदार तोटीची किटली. कालिटा कंपनीचा जुना ड्रिपर खाली चिंचोळ्या पट्टीसारखा, त्याला तीन बारीक भोकं. पाणी त्यात जरा रेंगाळतं, त्यामुळे ओतणाऱ्याची थोडी चूक पोटात घालतो. हारिओचा व्ही-सिक्स्टी शंकूच्या आकाराचा, आत वळणावळणाच्या उभ्या रेघा, खाली एकच मोठं भोक. त्यात पाण्याचा वेग सर्वस्वी ओतणाऱ्याच्या हातात असतो. नवशिक्याच्या हाती कोणता ड्रिपर द्यायचा, यात शिकवणाऱ्याचा स्वभाव कळतो.

एका कपाला 15 ग्रॅम बिया घ्याव्यात, पाणी 240 मिली. जुन्या हाताचे लोक याहून गडद करतात, 20 ग्रॅमला दीडशे ते दोनशे मिली. दळण जाड रव्याएवढं. कागदाची शिवण दुमडून तो ड्रिपरात बसवायचा आणि आधी नुसतं गरम पाणी त्यावरून सोडून ते फेकून द्यायचं. कागदाचा वास जातो आणि खालचं भांडं तापतं. हे भांडं थंड राहिलं तर कॉफी कपात येईपर्यंत कोमट होते आणि मग दोष दळणाला दिला जातो. पाणी 90 ते 93 अंश. बिया गडद भाजलेल्या असतील तर 85च्या आसपास उतरायचं, कारण गडद भाजलेली बी ठिसूळ आणि सच्छिद्र असते, ती सगळं पटकन सोडते, कडवटपणाही.

मग पहिलं पाणी. कॉफीच्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे 15 ग्रॅमला 30 मिली, सगळी भुकटी जेमतेम भिजेल एवढंच, आणि थांबायचं. तीस ते चाळीस सेकंद. भाजताना बीमध्ये कर्बवायू कोंडला जातो. पाणी लागलं की तो बाहेर पडू लागतो आणि भुकटीचा घुमट वर येतो, पृष्ठभागावर बुडबुडे फुटतात. वायू बाहेर येत असतो तोवर पाण्याला आत शिरायला वाट मिळत नाही. म्हणून जो या तीस सेकंदांत घाई करून बाकीचं पाणी ओततो, त्याची कॉफी वरवर धुऊन निघते; रंग येतो, पण चव पातळ आणि आंबट. बिया फार जुन्या असल्या तर घुमट येतच नाही, भुकटी चिखलासारखी खाली बसते. आणि त्याच दिवशी भाजलेल्या असल्या तर उलटा त्रास: फेस इतका उसळतो की पाणी मिळेल त्या फटीतून निसटतं. ताजं म्हणजे चांगलं, ही समजूत कॉफीच्या बाबतीत अर्धीच खरी आहे. ड्रिपसाठी भाजल्यावर पाच-सात दिवस थांबलेली बी उत्तम, यंत्राच्या दाबाने काढायच्या दाट एस्प्रेसोसाठी आठवडा ते दोन आठवडे.

कॅमेरा या फुलण्यापाशी थांबतो तेव्हा ते दृश्य सुंदर दिसतं म्हणून थांबतो हे खरंच. पण दुकानात त्या वेळात करण्यासारखं दुसरं काहीच नसतं, हेही खरं. दोन माणसं समोरासमोर उभी असतात आणि दोघांनाही थांबावं लागतं. एरवी जे बोलणं झालं नसतं ते तिथे होतं. कॉफीच्या दुकानात घडणारी गोष्ट लिहिणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे आणि या मालिकेच्या लेखकांनी ती ओळखली आहे.

पुढचं ओतणं तीन-चार टप्प्यांत. धार बारीक, मध्यातून सुरू करून गोल गोल बाहेर आणि परत आत. कागदाच्या कडेवर पाणी पडू द्यायचं नाही. तिथून ते भुकटीला न भेटता थेट खाली जातं आणि कॉफी पाणचट होते. धार उंचावरून सोडली तर मध्ये खड्डा पडतो, बारीक कण उसळून कागदाच्या छिद्रांत जाऊन बसतात, शेवटचं पाणी उतरायला नको इतका वेळ लागतो आणि जिभेच्या कडांना तुरटपणा जाणवतो. सगळं मिळून अडीच ते तीन मिनिटं. कालिटा वापरणारे बरेच जुने लोक शेवटचं पाणी पूर्ण उतरू देत नाहीत, फेस वरच असताना ड्रिपर उचलून बाजूला ठेवतात. त्या शेवटच्या थेंबांत घेण्यासारखं काही उरलेलं नसतं.

ऐकायला सोपं आहे. करताना मनगट आड येतं. पाणी भरलेली किटली सहज सव्वा किलोची होते आणि ओतत जाऊ तशी हलकी होत जाते, म्हणजे तीच धार राखायची तर कोन सतत बदलावा लागतो. मनगटाने ओतणाऱ्याची धार थरथरते. कोपर अंगाशी धरून, खांद्यातून आणि कमरेतून हललं तर ती स्थिर राहते. शिकणाऱ्याला सुरुवातीला कॉफी न देता नुसतं पाणी ओतायला लावतात, रिकाम्या ड्रिपरात, धार न तुटता. हे कंटाळवाणं असतं आणि त्याला वळसा नाही. पडद्यावर नवशिका किटली उचलतो तेव्हा त्याच्या खांद्याकडे पाहा. तो वर चढलेला असेल तर कॉफी बिघडणार, हे कॉफी पिण्याआधीच कळतं. चांगला नट इथे खूप काही करू शकतो, आणि ओंग सोंग-वूने गो-बीचा अवघडलेपणा चेहऱ्याइतकाच अंगानेही दाखवला आहे.

हँड ड्रिपच्या दुकानांत आणखी एक काम असतं, ज्याला तिथे हँडपिक म्हणतात: बिया निवडणं. भाजण्याआधी एकदा, भाजल्यावर पुन्हा एकदा. ताटात बिया पसरायच्या आणि काळ्या पडलेल्या, किडीने भोक पाडलेल्या, तुटक्या, शिंपल्यासारख्या पोकळ, बुरशीचा डाग असलेल्या वेचून काढायच्या. भाजल्यावर काही बिया फिकट राहतात. त्या झाडावर पुरत्या पिकलेल्या नसतात, त्यांची चव भाजक्या शेंगदाण्याच्या टरफलासारखी लागते. 15 ग्रॅममध्ये साधारण शंभर ते सव्वाशे बिया येतात. त्यात एक सडकी निघाली तर सगळा कप वाया. मोठ्या कंपन्या हे काम रंग ओळखणाऱ्या यंत्रांवर सोपवतात. छोट्या दुकानात शिकाऊ माणूस बसतो. आपल्याकडे तांदूळ निवडत गप्पा मारणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको: हात कामात असले की माणूस जास्त खरं बोलतो.

आता एस्प्रेसो. इथे प्रकरण तीस सेकंदांत आटोपतं, त्यामुळे चूक सुधारायला जागाच नाही. दुकान उघडण्याआधी सकाळी जे चालतं त्याला सेटिंग म्हणतात आणि माझ्या मते कॉफीच्या दुकानातली सर्वांत नाट्यमय वेळ तीच. 18 ग्रॅम भुकटी, 9 बार दाब, 92 ते 94 अंशांचं पाणी, आणि 25 ते 30 सेकंदांत कपात साधारण 36 ग्रॅम द्रव. काल संध्याकाळी हे आकडे जुळले होते म्हणून आज सकाळी जुळतील असं नाही. रात्रीतून हवा दमट झाली, बिया एका दिवसाने जुन्या झाल्या, ग्राइंडरची पाती थंड आहेत. पहिला शॉट, म्हणजे एका वेळी काढलेली एस्प्रेसो, 18 सेकंदांत धावत येतो: फिकट पिवळा, आंबट, खारट. दळण एक खूण बारीक करायचं. ग्राइंडरच्या पात्यांमध्ये जुन्या मापाची भुकटी अडकलेली असते, ती दोन-तीन ग्रॅम दळून फेकायची, नाहीतर बदल केला तरी तो दिसत नाही आणि माणूस आणखी एक खूण बारीक करून बसतो. मग शॉट 45 सेकंद थेंबाथेंबाने, काळा, जळकट. हा गोंधळ प्रत्येक नवशिक्याच्या वाट्याला येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोन शॉट तसेच काढून मगच निर्णय घ्यायचा, हे शहाणपण कुणीतरी पाठीशी उभं राहून शिकवावं लागतं.

भुकटी दाबण्याविषयी फार गैरसमज आहेत. पूर्वी 15 किलोचा जोर लावा असं शिकवत. जोर किती यापेक्षा पृष्ठभाग सपाट आहे का याला जास्त किंमत आहे. दाबण्याआधी भुकटी एका बाजूला जास्त पडली असेल, किंवा दाबताना हात तिरपा गेला असेल, तर पाणी 9 बारच्या दाबाने पातळ बाजू शोधतं आणि तिथून बोगदा काढतं. त्या वाटेवरची भुकटी जास्त पिळली जाते, बाकीची कोरडीच राहते; एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही चवी येतात. शॉट वाहताना मध्येच पांढुरके पट्टे दिसले, बाजूला बारीक पिचकारी उडाली, की समजावं बोगदा पडला. तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर, म्हणजे भुकटी भरून यंत्राला अडकवायची दांड्याची वाटी, वापरला तर हे डोळ्यांनी दिसतं, म्हणून शिकवण्यासाठी तो उत्तम.

दूध तापवतानाही घाई अंगाशी येते. वाफेची नळी पृष्ठभागाच्या जरा खाली ठेवून पहिल्या चार-पाच सेकंदांत हवा आत घ्यायची, दूध अजून थंड असतानाच. भांडं हाताला कोमट लागलं की हवा घेणं बंद, नळी थोडी खोल, आणि दूध भोवऱ्यासारखं फिरू द्यायचं, 60 ते 65 अंशांपर्यंत. 70च्या वर गेलं की दुधाचा गोडवा हरवतो आणि उकळल्या दुधाचा वास येतो. मग कितीही सुंदर पान-फूल वर काढलं तरी व्यर्थ. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसायची आणि वाफ सोडून आतून मोकळी करायची. एवढं विसरलं तर दूध आत सुकतं आणि पुढच्या प्रत्येक कपात उतरतं.

फडक्यांची गोष्ट मुद्दाम सांगतो. नीट चालणाऱ्या दुकानात ती वेगवेगळी असतात: एक वाफेच्या नळीचं, एक पोर्टाफिल्टरचं, एक ओट्याचं, एक कप पुसायचं. यांची सरमिसळ झाली की कपाला दुधाचा आंबूस वास लागतो. रात्री बंद भोकाची चाळणी लावून, डिटर्जंट घालून यंत्राचं डोकं आतून धुतात. जुनं कॉफीचं तेल तिथे साचून खवट होतं आणि सकाळच्या पहिल्या शॉटला त्याची चव लागते. शिकाऊ माणसाचे सुरुवातीचे महिने यातच जातात. एखाद्या मालिकेने हे दाखवलं नसतं तरी चाललं असतं. या मालिकेने धुणं-पुसणं-वजन करणं यांना गोष्टीत जागा दिली, म्हणून गो-बीला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने गिऱ्हाइकाला कप द्यायला मिळणं ही मोठी घटना वाटते.

पाक सोकसारखा जुना माणूस गिऱ्हाइकाला चव कशी लागली हे विचारण्याआधी कप किती रिकामा झाला ते बघतो. अर्धा कप गार होऊन राहिला असेल तर काहीतरी चुकलं. कॉफी गार होताना लपवत नाही. चांगल्या बिया 50 अंशांच्या खाली उतरल्यावर जास्त गोड आणि फळासारख्या लागतात, वाईट बियांचा मातकटपणाही तेव्हाच उघडा पडतो. म्हणून बिया पारखताना, 8.25 ग्रॅमला 150 मिली पाणी घालून, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडून, पारखी लोक तोच कप पूर्ण थंड होईपर्यंत पुन्हा पुन्हा चाखतात.

या दुकानाचं नातं कोरियातल्या जुन्या कॉफीशी काय आहे, हे माहीत असलं तर मालिकेला आणखी एक थर मिळतो. साठ-सत्तरच्या दशकांत तिथे दाबांग असत, म्हणजे बसायची, बोलायची, वाट पाहायची ठिकाणं. कॉफी इन्स्टंटची, आणि प्रमाण ठरलेलं: दोन चमचे कॉफी, दोन चमचे क्रीमर म्हणजे दुधाऐवजी घालायची पूड, दोन चमचे साखर. सकाळी त्यात अंड्याचा कच्चा बलकही घालत. सोलच्या देहाङ्नो भागातलं 1956चं हाकरिम दाबांग आजही चालू आहे. 1976 साली दोंगसो कंपनीने ही तीन जिनसांची कॉफी एका पुडीत भरली. आजच्या पुडीत सगळं मिळून सुमारे 12 ग्रॅम असतं आणि ती छोट्या कागदी कपातल्या 100 मिली पाण्यासाठी असते. जास्त पाणी घातलं की बिघडते, हे तिथल्या कुठल्याही ऑफिसात सांगतील. दुधात उकळलेली, साखर आणि जायफळ-वेलची घातलेली आपली घरची कॉफी ज्यांना आवडते, त्यांना या पुडीचं प्रेम समजायला वेळ लागणार नाही.

दुसरीकडे 1988 साली पाक यी-चू यांनी सोलच्या ह्येह्वा-दोंगमध्ये 'बोहेमियन' काढलं आणि स्वतः भाजून, हाताने गाळून कॉफी देऊ लागले. पुढे ते पूर्व किनाऱ्यावरच्या गांगनुंगला गेले. त्याच गांगनुंगचा आन्मोक किनारा आधी कॉफीच्या नाणं टाकायच्या यंत्रांसाठी ओळखला जायचा, मग तिथे दुकानांची रांगच उभी राहिली, आणि 2009 पासून शहरात कॉफीचा उत्सव भरतो. 1999 साली ईह्वा विद्यापीठासमोर स्टारबक्सचं कोरियातलं पहिलं दुकान उघडलं. 2007च्या उन्हाळ्यात एमबीसी वाहिनीवर 'कॉफी प्रिन्स' आली, 17 भागांची, होंगदे भागातल्या कॅफेची गोष्ट, आणि कॉफी करणं हा तरुणांना हवासा वाटणारा पेशा म्हणून पडद्यावर आला. 2019 साली बुसानच्या मोमोस कॉफीतली जोन जू-योन बॅरिस्टांची, म्हणजे कॉफी करणाऱ्या कारागिरांची, जागतिक स्पर्धा जिंकणारी पहिली कोरियन ठरली. आज त्या देशात कॉफीची दुकानं एक लाखाच्या पुढे आहेत.

हा आकडा 'इदे कॉफी'च्या गोष्टीत कुणी उच्चारला नाही तरी तो तिच्या भिंतींमागे उभा आहे. एक लाख दुकानांत भाडं भरून टिकायचं, तेही सावकाश कॉफी करून. एका हँड ड्रिपला तयारीसकट पाच मिनिटं धरली तर एक माणूस तासाला 12 कप करील, त्याहून जास्त नाही. शेजारी मोठ्या कपातली बर्फाची अमेरिकानो, म्हणजे पाणी घातलेली एस्प्रेसो, त्याच्या निम्म्या किमतीत मिळते आणि कोरियन माणूस ती ऐन थंडीतही पितो. मला या मालिकेचं एक न्यून वाटतं ते इथेच: पैशाचा ताण ती हलक्या हाताने पुसते. हिशेबाची वही जरा जास्त वेळ उघडी ठेवली असती तर पाक सोकच्या हट्टाची किंमत कळली असती. पण बर्फाच्या अमेरिकानोला ती नाकं मुरडत नाही, हे मला फार आवडलं. कारण तीही नीट करता येते: ग्लासात आधी बर्फ, मग थंड पाणी, आणि शेवटी वरून ताजा दुहेरी शॉट. शॉट आधी आणि पाणी नंतर घातलं तर फेस मोडतो आणि गरम द्रवाने बर्फ लगेच वितळून पेय पातळ होतं.

मालिका पाहून घरी हँड ड्रिप करायची इच्छा होणारच. पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात ती ज्या कारणांनी फसते ती कोरियातल्यापेक्षा वेगळी आहेत. पहिलं कारण पाणी. घरच्या आरओ यंत्रातून येणाऱ्या पाण्यात क्षार फारच कमी राहतात, कधी लिटरला 30-40 मिलिग्रॅम. कॉफीतली चव बाहेर ओढायला थोडं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतंच. ते नसलं की कॉफी सपाट किंवा नुसतीच टोचरी लागते. उलट बोअरच्या जड पाण्याने आंबटपणा मारला जातो आणि खडूसारखी चव येते. लिटरला 100 ते 150 मिलिग्रॅमच्या आसपास असलेलं पाणी चांगलं. यंत्रावर क्षार वाढवायचा स्क्रू असेल तर तो फिरवावा, नाहीतर आरओचं आणि उकळून गाळलेलं नळाचं पाणी मिसळावं. मुंबईचं तलावांचं पाणी मुळात मऊ असतं, तिथे नुसता कोळशाचा फिल्टर पुरतो.

दुसरं कारण चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती एका झाडाच्या मुळाची भाजलेली पूड. दक्षिणी फिल्टर कॉफीची पूड बहुधा चिकोरी मिसळलेली आणि बारीक दळलेली असते. ती कागदातून गाळायला गेलात तर पाणी वरच तुंबतं आणि जे उतरतं ते काळं, मळकट. ती पूड तिच्या पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरातच छान. ड्रिपसाठी चिकमगळूर किंवा कोडगूची, मध्यम भाजलेली, निव्वळ अरेबिका जातीची बी घ्यावी, पाकिटावर भाजल्याची तारीख बघून.

तिसरं कारण पावसाळा. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर उघडी राहिलेली बी दोन दिवसांत ओल धरते, दळताना ग्राइंडरला चिकटते आणि दळण गोळ्या-गोळ्यांचं होतं. 250 ग्रॅमचं पाकीट आणलं तर ते आल्या दिवशी चार छोट्या हवाबंद बरण्यांत भरावं आणि एका वेळी एकच उघडावी. फ्रिजमधून रोज आत-बाहेर करू नये. प्रत्येक वेळी बियांवर दव धरतं. डीप फ्रीजरमध्ये ठेवायची तर बरणी पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढावं. मिक्सरमध्ये दळण्याचा मोह टाळावा, कारण त्याचं पातं काही कणांचं पीठ करतं आणि काही अख्खे ठेवतं, म्हणजे एकाच कपात तुरट आणि पाणचट. हाताने फिरवायचा छोटा ग्राइंडर घेतला तर 15 ग्रॅम दळायला एक-दीड मिनिट लागतं.

आणि चव बिघडली तर क्रमाने पाहावं. आंबट आणि पातळ लागली, आणि पाणी दोन मिनिटांच्या आत उतरलं, तर दळण थोडं बारीक. कडू, तुरट लागली आणि साडेतीन मिनिटं गेली, तर दळण जाड. वेळ बरोबर असून कडू लागली तर पाणी तीन अंशांनी उतरवा. वेळ बरोबर असून पाणचट लागली तर धार कागदावर जातेय का ते पाहा, आणि नसेल तर कॉफी एक ग्रॅम वाढवा. सगळं बरोबर असून मेलेली, पुठ्ठ्यासारखी लागली, तर पाकिटावरची तारीख बघा. दोन महिने उलटून गेले असतील तर त्या बियांची दुधातली कॉफी करा, जायफळ घालून, आणि ड्रिपसाठी नवं पाकीट आणा.